पोपटीच्या दिवसांतला राग

पौष लागला की पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा येतात, आणि शेंगा आल्या की मला राग येतो. कुणाचे थंडीत गुडघे धरतात, माझा राग धरतो. टपाल नाक्याच्या अलीकडे बायका पाट्या घेऊन बसलेल्या असतात. शेंगांच्या ढिगाशेजारी भांबुर्ड्याच्या पाल्याची जुडी ठेवलेली असते, आणि त्या पाल्याचा तो उग्र, थोडा औषधी वास रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत येतो. मी जुडी घेते. भाव करत नाही, बाईकडे बघतही नाही. पिशवीत पाला टाकून रिक्षात बसले की दातावर दात बसतात आणि घर येईपर्यंत ते सुटत नाहीत.

मी पहिल्यापासूनच रागीट. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत होतं. लहानपणी कुणी माझी पेन्सिल तोडली तर मी आठवडाभर त्याच्या नावाचा कागद दप्तरात ठेवायची आणि संधी मिळाली की त्याच्या दोन पेन्सिली तोडायची. दादा म्हणायचा, "बाय, तुजा राग मुरांब्यासारका हाय गो, बरनीत ठेवतंस न् वरीसभर पुरवतंस." दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, जनार्दन. गावाला जना, मला दादा. त्याच्या पाठीवर मी, आणि माझ्या पाठीवर कुणी नाही.

आमचं गाव पनवेलच्या पूर्वेला, दगडाच्या खाणींच्या बाजूचं. भातशेती होती ती नव्या वसाहतीत गेली, आणि गावातले बरेचसे तरुण डंपरवर चढले. दादाही चढला. तळोज्याच्या कारखान्यांत माती टाकायला, इकडे भराव, तिकडे खडी. विमानतळ येणार, विमानतळ येणार, असं सगळे म्हणत होते तेव्हाची ही गोष्ट. विमान यायचं तेव्हा येईल, तोवर गाडी रिकामी उभी राहायला नको, म्हणून दादा मिळेल ते काम घ्यायचा. पण थंडीत कितीही काम असलं तरी एक रविवार तो मोकळा ठेवायचा, पोपटीसाठी.

आमच्याकडच्या माणसाला पोपटी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. जुनं मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, परत शेंगा, आणि तोंड पाल्यानं गच्च दाबायचं. पाणी नाही, तेल नाही. मडकं शेतात उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. झालं की नाही हे ओळखायची दादाची रीत म्हणजे चार बोटं पाण्यात बुडवून मडक्यावर शिंतोडे उडवायचे. थेंब चर्र करून जागच्या जागी उडाला की मडकं काढायचं. तेवढा वेळ मात्र त्याला धीर नसायचा. तीन-तीनदा शिंतोडे उडवायचा, आणि प्रत्येक वेळी आई ओरडायची, "आरं, मडका फुटंल!" एकदा खरंच फुटलं, आणि आम्ही राखेतल्या शेंगा फुंकर मारून खाल्ल्या. त्या सगळ्यांत चांगल्या लागल्या होत्या.

अशाच एका थंडीत तो गडचिरोलीला गेला. ठेकेदाराला जंगलातल्या रस्त्यासाठी गाड्या हव्या होत्या. तिकडचे चालक यायला तयार नव्हते. त्यावरूनच आपण काय ते ओळखायला हवं होतं. पण दादाला कुणी येत नाही म्हटलं की हटकून जावंसं वाटायचं. आमच्याच गावचा बबन मुकादम म्हणून बरोबर होता. दोन डंपर घेऊन ते निघाले. जाताना आईनं त्याच्या सीटखाली सुकटीचा डबा ठेवला.

चार दिवसांनी फोन आला. टॉवर फक्त पोलिसांच्या तळाजवळ होता, तिथं उभा राहून तो बोलत होता. आवाज खूश होता.

"बाय, हितं समदा लायनीत हाय. आदी पोलीस, मग आमी, मग डाक्टर न् मास्तर. आमी मदले."

"म्हणजे?"

"म्हंजे पोलिसांनी जंगल राखाचा, आमी रस्ता कराचा, न् रस्ता झाला का दवाखाना न् रेशन येनार. सायेबानी बोट मोजून सांगतलान. जंगलवाल्यांच्या मागची माणसा मंग आपोआप सुटतील म्हन्तो."

"आणि तोवर?"

"तोवर आमी खडी टाकताव."

हसला आणि फोन कट झाला. त्यानंतर चार दिवसांनी तो मेला.

कसं ते थोडक्यात सांगते, कारण लांबवलं तर मला लिहिता येणार नाही. रस्त्याखाली स्फोटकं पेरलेली होती, पोलिसांच्या गाडीसाठी. रोज सकाळी जवान पायी पुढे जाऊन रस्ता तपासायचे, त्याच्यानंतर गाड्या. त्या सकाळी तपासणीला उशीर झाला आणि दादाला घाई होती. दादाला जन्मभर घाईच होती. खडी भरलेला त्याचा डंपर पहिला गेला.

बबन त्याच्या मागच्या गाडीत होता. तो परत आला तेव्हा त्याच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. ओट्यावर बसून त्यानं आईला आणि मला जे सांगितलं ते मी शब्द न् शब्द जपून ठेवलं. रस्त्याच्या शेवटच्या घराजवळ हातपंप होता. दादानं गाडी थांबवून पाणी मागितलं. एका तरुण बाईनं कळशीतून दिलं. दोघं बोलत होते.

"काय बोलत होते?"

"कलला नाय. मी मागं, काच बंद. पन ती बोलत व्हती न् जना हासत व्हता. मंग गारी चालू केलान."

"तिला माहीत होतं?"

बबननं मान खाली घातली. "गाव त्यांचा. समद्यांना म्हाईत आसनार."

त्या दिवशी माझ्या बरणीत ती बाई पडली. स्फोटकं पेरणारे कोण होते ते मला कधी दिसणार नव्हते. त्यांना चेहरा नव्हता, पत्ता नव्हता. तिला मात्र होता. हातात कळशी होती, घर शेवटचं होतं, आणि माझ्या भावाला हसवून हसवून तिनं मरायला पाठवलं होतं. मी शाळेत मराठी शिकवते. मुलांना समानार्थी शब्द लिहायला सांगायचे आणि टेबलाशी बसून तिला काय काय करायचं ते ठरवायचे. कधी वाटे तिच्या त्याच हातपंपाशी उभं राहून तिच्या नावानं ओरडावं. कधी वाटे तिलाही एक भाऊ असावा. हे असं वाटणं वाईट आहे हे मला समजत होतं, पण मला त्याची लाज वाटत नव्हती. आजही मी खोटं बोलणार नाही, त्या वर्षांत मला जगायला त्या बाईचा फार उपयोग झाला. सकाळी उठायला कारण लागतं, आणि माझं कारण ती होती.

पोपटी बंद झाली नाही. लोकांना वाटेल, अशा घरात मडकं लागू नये. पण आईनं पुढच्याच थंडीत लावलं. म्हणाली, जनाचा हाय तो सन. फक्त शिंतोडे कुणी उडवत नसे. अंदाजानं काढायचो, कधी कच्चं, कधी जळकं.

काही वर्षं गेली. मग एका थंडीत, ऐन शेंगांच्या दिवसांत, आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं. गडचिरोलीहून पोलिसांनी काढलेली आदिवासी महिलांची सहल मुंबई बघायला येते आहे, समुद्र दाखवणार आहेत, वाटेत दुपारचं जेवण आपल्या शाळेत. "तुमचं दुःख मला माहीत आहे, मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी रजा घ्या हवं तर." मी म्हटलं, रजा कशाला, जेवणाचं मीच बघते. त्या माझ्याकडे जरा चकित होऊन, जरा कौतुकानं बघत राहिल्या. माझं लक्ष त्यांच्या हातातल्या यादीकडे होतं. नावापुढे गाव लिहिलेलं होतं. दादा जिथं गेला, त्या गावच्या तीन बायका होत्या.

गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. पुढे ज्या बाईबद्दल सांगणार आहे तिला मी जैनी म्हणेन, ते तिचं नाव नाही. सहल कुठल्या वर्षी आली तेही विचारू नका.

आठवडाभर मी तयारी केली. काय विचारायचं ते लिहून काढलं, खोडलं, परत लिहिलं. जेवणानंतर छोटा समारंभ होता, स्वागताचे दोन शब्द मी बोलणार होते. माईक माझ्या हातात, समोर त्या तिघी, शेजारी खुर्चीत पोलीस साहेब. मी विचारणार होते, हातपंपाशी पाणी देणारी तुमच्यातली कोण? आणि तुला काय माहीत होतं? बस, एवढंच. उत्तर काहीही येवो. नाही म्हणाली तरी साहेबांनी ऐकलेलं असेल, हो म्हणाली तरी ऐकलेलं असेल. तिचं पुढे काय होईल याचा मी विचार केला नव्हता असं म्हणणं सोपं आहे. मी केला होता. पोलिसांशी बोलली एवढ्या संशयावरून तिकडे जंगलवाले माणसं घरातून उचलून नेतात आणि मारून रस्त्यावर टाकतात, हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. ते वाचलेलं मला आठवत होतं, आणि तरी प्रश्न मी खोडला नाही.

जेवणाला पोपटी लावायची हेही मीच ठरवलं. खरं तर पोपटी संध्याकाळची, पण गाडी दुपारी येणार होती, म्हणून सकाळीच मैदानाच्या कडेला पाच मडकी लावली. मला तिला दादाच्या हातची नसलेली पोपटी खायला घालायची होती. याला सूड म्हणतात का, मला माहीत नाही. मला तो तसा वाटत होता.

बस आली. चाळीसेक बायका उतरल्या, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, पायात नवे एकसारखे बूट. कुणी बूट काढून हातात घेतले होते. साहेब तरुण होते, उत्साही होते, आणि चहा पिता पिता त्यांनी मला तेच सांगितलं जे दादानं फोनवर सांगितलं होतं. "मॅडम, नुसत्या बंदुकीनं हे संपत नाही. एका हातात सुरक्षा, एका हातात विकास, आणि तिसऱ्या हातात कल्याण." तिसरा हात म्हणताना ते जरा थांबले, आणि तो हात कुठला ते त्यांना दाखवता येईना, म्हणून त्यांनी चहाचा कप उंच धरला. मी मनात म्हटलं, साहेब, तुमच्या तीन हातांच्या मध्ये माझा भाऊ सापडला.

मडकं उघडलं तेव्हा वाफ उठली, आणि रांगेतली एक बाई उठून उभीच राहिली. पंचविशीची असेल, हनुवटीवर गोंदण. तिनं पाल्याचा वास घेतला, शेंग हातात धरली आणि शेजारणीला आपल्या भाषेत काहीतरी भराभरा सांगितलं. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "हे मला माहीत आहे. मडक्यातल्या शेंगा. एक ड्रायव्हर सांगायचा आमच्या इथं."

मी तिच्या गळ्यातलं कार्ड वाचलं. गाव तेच होतं.

"तो माझा भाऊ," मी म्हटलं.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा बरोबरच्या दोघींकडे. मग हात धुवायच्या निमित्तानं नळाकडे गेली, आणि मी तिच्या मागे गेले. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि माईकपर्यंत थांबायचीही गरज नव्हती.

"तू त्याला पाणी दिलंस."

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो."

तिनं नळ सोडला. पाणी बादलीत जोरात पडायला लागलं तेव्हा बोलली. "मी बोलली त्याला. दोन वेळा बोलली. पुढे नको जाऊ, दादा बसले आहेत. असं बोलली."

"कुणाचा दादा?"

"कुणाचा नाही. दादा. दादालोक." तिला कळेना मला काय कळत नाही ते. तिनं उजवा हात डाव्या खांद्यावर नेला आणि बंदुकीचा पट्टा ओढावा तसा खाली ओढला. "जंगलातले. त्यांना आम्ही दादाच बोलतो. दुसरं नाव तोंडानं घेत नाही. त्या वेळी मागे थोडा लांब एक माणूस उभा होता, कान देऊन, म्हणून हळू बोलली. मी याच्यापेक्षा जास्त काय बोलणार?"

"आणि तो?"

"हसला." ती माझ्याकडे बघेना. "बोलला, तुझ्या दादाला सांग, मी काय तुला पळवून नेत नाही, फक्त पाणी पितो. बोलला, मला पण बहीण आहे, ती पण मला दादाच बोलते. मग गेला."

बादली भरून वाहायला लागली होती, दोघींचे पाय भिजत होते. तिनंच नळ बंद केला.

मला आठवतं, त्या क्षणी मला रडू आलं नाही. आधी प्रचंड राग आला, आणि तो कुठं ठेवावा तेच कळेना. तिच्यावर ठेवायला जागा उरली नव्हती. त्या जंगलातल्यांनी माझी हाक उचलून नेली होती. मी जन्मभर ज्या शब्दानं भावाला हाक मारली, त्या शब्दाला त्यांनी बंदूक लावली होती, आणि माझ्या भावानं तो शब्द ऐकला तेव्हा त्याला घर ऐकू आलं. तो घाबरला नाही, कारण त्या शब्दाला आमच्या घरात कुणी कधी घाबरलं नव्हतं. दुसरा राग बोटं मोजणाऱ्यांचा. त्यांनी दादाला खडी दिली, डांबर दिलं, तळावर झोपायला जागा दिली, मागे-पुढे बंदुका दिल्या. आठ दिवसांत एक शब्द कुणी दिला नाही. आणि मी मराठीची शिक्षिका, मी मुलांना सांगत होते की दादा म्हणजे मोठा भाऊ, एका वाक्यात उपयोग करा.

जैनी अजून तिथंच उभी होती. तिला वाटलं असावं की काही चांगलं सांगायला हवं. म्हणाली, "तो रस्ता मग झाला. माझ्या पोरीच्या वेळी मी अडली होती, त्या रस्त्यानं गाडी आली दवाखान्याची. दोघी वाचलो." आणि मला, खरं सांगते, तिच्या पोरीचाही राग आला. क्षणभर. मग मी विचारलं पोरीचं नाव काय, आणि तिनं सांगितलं, आणि मी ऐकलं नाही.

समारंभ सुरू झाला. मुख्याध्यापिका बाईंनी प्रास्ताविकात माझ्या भावाचा उल्लेख केला, तशी सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. साहेब उठले. त्यांना ते फार मोलाचं वाटलं असणार, की ज्या घरचा माणूस गेला ते घर त्या गावच्या बायकांना जेवू घालतंय. त्यांनी स्वतः माईक माझ्या हातात दिला आणि प्रेमानं म्हणाले, "मॅडम, त्या गावच्या भगिनी इथं आहेत. आपण बोलत होतात मघाशी, मी पाहिलं. त्या वेळी गावातून कुणी तुमच्या भावाला सावध करायचा प्रयत्न केला होता का? अशा धाडसी भगिनीचा आपण सत्कार करू. आज इथं सांगायला काही हरकत नाही."

सत्काराच्या शाली टेबलावर होत्या. फोटोवाला पुढे आला. तिघींपैकी जैनीच्या शेजारी बसलेली एक बाई माझ्याकडे नाही, जैनीकडे बघत होती. जैनी मात्र जमिनीकडे बघत होती, आणि तिच्या दोन्ही हातांत ते नवे बूट होते, छातीशी धरलेले. माझ्या तोंडातून हो निघालं असतं, तर शाल पडली असती, फोटो निघाला असता, आणि तो फोटो तिच्या आधी तिच्या गावात पोचला असता. आठवडाभर मी ज्या माईकची वाट पाहिली होती, तो आता माझ्याकडून मागत होता तेच, जे मला हवं होतं. फक्त आता मला ते नको होतं.

"नाही," मी म्हटलं. आवाज माझा नेहमीचा, वर्गातला. "त्या गावातून कुणीही माझ्या भावाला एक शब्द बोललं नाही. मी आत्ता याच ताईंना नळापाशी तेच विचारलं. त्यांनी माझ्याशी बोलायलाच नकार दिला. माझी या गावाला क्षमा नाही."

साहेबांचा चेहरा पडला. मुख्याध्यापिका बाईंनी घाईघाईनं आभार उरकले. जैनीच्या शेजारच्या बाईनं नजर काढून घेतली आणि शेंग सोलायला लागली. बस गेली तेव्हा जैनी खिडकीत बसली होती. तिनं हात हलवला नाही, मीही नाही.

संध्याकाळी घरी आले. आई ओट्यावर बसली होती. बबनही आला होता, चांगला कान माझ्याकडे करून. सहल येणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि माझा राग ओळखून असलेली आई दिवसभर माझीच वाट बघत होती.

"आलती ती?"

"आली होती."

"काय बोलली?"

घरी सांगितलेलं बबन चहाच्या टपरीवर सांगेल आणि ते कुठून कुठं, पार तिच्या गावापर्यंत जाईल, म्हणून खरं सांगायचं नाही, हे मी वाटेत रिक्षात बसूनच ठरवलं होतं. मी आईच्या पायाशी बसले.

"काय नाय बोलली, आये. हसली नुस्ती."

आईनं पदर तोंडाला लावला. मग पदर काढून, पूर्वेकडे बघत, ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "तिची कूस उजाड होवदे."

बबन माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेला नजर देऊन मी म्हटलं, "होवदे, आये."